कुर्सुरा, एकास शंभर: बुडी मारणाऱ्या मॉडेलच्या नोंदी

६ सप्टेंबर

मिरज तालुक्यातल्या एका हायस्कूलला ४ डिसेंबरच्या नौदल दिनापासून ८ डिसेंबरच्या पाणबुडी दिनापर्यंत प्रदर्शन भरवायचंय. मुख्याध्यापकांची अट एकच: पाणबुडी काचेच्या पेटीत ठेवायची नाही, पाण्यात बुडी मारून वर आली पाहिजे. माझं दुकान मिरजेत, मोटार रिवाइंडिंगचं. विहिरीच्या आणि बोअरच्या पाणबुडी मोटारी रोज उघडतो, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. मदतीला नववीची चार-पाच पोरं. दुसऱ्या कुठल्या शाळेनं असलं काही करायला घेतलं तर उपयोगी पडावं म्हणून लिहून ठेवतोय. कुठं पैसे पाण्यात गेले तेही लिहीन.

पहिला वाद, कुठली पाणबुडी. सर म्हणाले, "भाऊ, गाझी बुडवली ती पाणबुडी करा." तशी पाणबुडीच नाही. गाझी ही पाकिस्तानची पाणबुडी, ती ३-४ डिसेंबर १९७१ च्या रात्री विशाखापट्टणमच्या तोंडाशी फुटली. आयएनएस राजपूत या विनाशिकेच्या डेप्थ चार्जमुळं (पाण्यात खोल जाऊन फुटणारा बाँब) फुटली की तिच्याच सुरुंगानं, हा वाद अजून आहे, पण आपल्या पाणबुडीचा त्यात हात नाही. त्या वेळी आपल्याकडं पाणबुड्या चारच: कलवरी, खांदेरी, करंज आणि कुर्सुरा. चारही सोव्हिएत बनावटीच्या, नाटो ज्यांना फॉक्सट्रॉट म्हणतं त्या. मी कुर्सुरा धरली, कारण ती आज विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर उभी आहे. बाकीच्या तिघी भंगारात गेल्या. हिचे तळापासून टोकापर्यंत फोटो मिळतात, पंखेसुद्धा उघडे दिसतात.

"हिनं काय बुडवलं?" सरांनी विचारलं. काही नाही, म्हटलं. सर गप्प बसले. तो विषय पुढं येणार हे तेव्हाच कळलं.

९ सप्टेंबर

स्केल कागदावर ठरलं नाही, पाइपाच्या दुकानात ठरलं. कुर्सुरा ९१.३ मीटर लांब, साडेसात मीटर रुंद. शेतीच्या पीव्हीसी पाइपात ७५ मिलिमीटरचा साइज असतो, तो बाहेरून मोजायचा. एकास शंभर धरलं की रुंदी बरोब्बर ७५ मिलिमीटर, लांबी ९१ सेंटिमीटर. आपल्या भागात हा पाइप गल्लीबोळात मिळतो, तुकडा मागितला तर फुकटसुद्धा. सहा किलो प्रेशरचा घेतला. चार किलोचा हातानं दाबला तरी दबतो.

बेत असा: मधला ४५ सेंटिमीटरचा तुकडा दोन्हीकडून बंद करायचा, आत बॅटरी, पंप, रिमोटचा रिसिव्हर. पुढचं नाक आणि मागची शेपटी वेगळी करून जोडायची. एका बाजूला एंड कॅप सॉल्व्हंटनं कायमची चिकटवली. दुसरी बाजू उघडता आली पाहिजे म्हणून कुपवाडला लेथवर नायलॉनचा गुडदा, म्हणजे आत घट्ट बसणारं बूच, करून घेतला, दोन ओ-रिंगांची (रबरी कड्यांची) खाच मारून. गुडद्याचे ३५० रुपये.

१५ सप्टेंबर

हौदात गळतंय. गुडदा चांगला आहे, ओ-रिंगही नवीन. दोष पाइपात. शेतीचा पाइप गोल नसतो. उन्हात, थप्पीखाली राहून तो थोडा चपटा होतो. व्हर्नियर लावला तर एकीकडून ७४.६, दुसरीकडून ७५.५. ओ-रिंग एका बाजूला दाबली जाते, दुसऱ्या बाजूला पाण्याला वाट मोकळी.

पोरांनी टेफ्लॉन टेप गुंडाळली, ग्रीस लावलं, एकानं सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला. हे सगळं तासभर टिकतं. खरा उपाय: पाइपाच्या तोंडावर कपलरचा (पाइप जोडायच्या सॉकेटचा) तुकडा चिकटवायचा आणि सगळं लेथवर धरून आतून बोअर मारून घ्यायचा. मग गुडद्याला गोल, गुळगुळीत जागा मिळते. लेथवाल्यानं पुन्हा दोनशे घेतले. हे पहिल्यांदाच करा.

२१ सप्टेंबर

पंख्याच्या शाफ्टचं सील. खऱ्या कुर्सुराला तीन डिझेल इंजिनं, तीन इलेक्ट्रिक मोटारी, तीन शाफ्ट. आम्ही मधला एकच फिरवायचा ठरवला, बाजूचे दोन शोभेचे.

तीन मिलिमीटरचा स्टीलचा शाफ्ट पितळी नळीतून काढला, नळीत ग्रीस भरलं. एवढ्या बारीक शाफ्टला ऑइल सील बाजारात मिळालं नाही. पहिले दोन दिवस कोरडं, तिसऱ्या दिवशी आत चमचाभर पाणी. ग्रीस बदललं की पुन्हा तेच.

मग डोक्यात आलं, आपण रोज काय उघडतो? विहिरीची पाणबुडी मोटार आत पाण्यानंच भरलेली असते. वाइंडिंगची तार प्लॅस्टिकच्या कोटिंगची, पाण्यात बिनधास्त चालते. तिथं पाणी आत येऊ नये म्हणून कुणी भांडत बसत नाही. तसंच इथं केलं. ड्रोनची ब्रशलेस मोटार आणली, ४८० रुपये. तिला ब्रश नाहीत, वाइंडिंगवर इनॅमल. ती सिलिंडरच्या बाहेर, शेपटीत, उघड्या पाण्यात बसवली. आत फक्त तीन वायरी जातात. फिरणारं सीलच उरलं नाही.

बेअरिंग गंजणार हे माहीत आहे. चाळीस रुपयांचं बेअरिंग आहे, बदलू.

२४ सप्टेंबर

तीन वायरींच्या भोकात एपॉक्सी भरली, चोवीस तास सुकवली. तरी आत ओल. भोक बघितलं, कोरडं ठणठणीत. दिवसभर डोकं खाजवलं.

पाणी वायरीच्या बाहेरून येत नव्हतं, आतून येत होतं. लवचिक वायरीत बारीक तारांची पेड असते. मोटारीकडच्या टोकाला इन्सुलेशनमध्ये पाणी शिरतं आणि तारांमधल्या फटीतून चढत चढत सिलिंडरच्या आतल्या टोकाला येऊन ठिबकतं. कंदिलाची वात तेल चढवते तसं. केबल जॉइंट नीट केला नाही तर पाणबुडी मोटारीतही हेच होतं, पण तिथं केबल जाड, म्हणून इतक्या लवकर दिसत नाही.

उपाय: भिंतीतून जाते त्या जागी वायर एक इंच सोलायची, तारांच्या पेडात सोल्डर पूर्ण मुरवायचं, म्हणजे ती भरीव सळई होते. आणि तो सोललेला भाग एपॉक्सीच्या आत गाडायचा. त्यानंतर थेंब नाही. या एका नोंदीसाठी जरी कुणी हे वाचलं तरी वाचणाऱ्याचा आठवडा वाचेल.

१ ऑक्टोबर

इतिहासाचा फलक. मराठीच्या बाई आणि पोरांनी मजकूर लिहून आणला. त्यात कुर्सुरानं कराचीवर हल्ला केला होता. तो खोडला. कराचीवर ४ डिसेंबरच्या रात्री क्षेपणास्त्र नौका गेल्या, पाणबुडी नाही. त्याच दिवशी, ४ डिसेंबरला, कुर्सुरा गस्त संपवून मुंबईला परतली होती.

पोरांची तोंडं पडली. "काका, म्हंजे युद्ध लागलं आन् ही घरी आली?"

तसंच झालं. म्हणून फलकावर आधीचं लिहायचं. कमांडर अरुण ऑडिटो यांच्या हाताखाली कुर्सुरा नोव्हेंबर १९७१ मध्ये अरबी समुद्रात गस्तीवर होती. १८ तारखेपर्यंत एका भागात, मग ३० तारखेपर्यंत दुसऱ्या. ३० ला समुद्रातच करंजची गाठ घेतली आणि माघारी फिरली. हुकूम कडक: ठरवून दिलेले जहाजांचे मार्ग ओलांडायचे नाहीत, लक्ष्य कुणाचं आहे याची खात्री झाल्याशिवाय टॉर्पेडो सोडायचा नाही, व्यापारी जहाजाला तर वेगळा हुकूम आल्याशिवाय हात लावायचा नाही. त्या समुद्रातून साऱ्या जगाची जहाजं जातात, तिऱ्हाईताचं एक जरी बुडलं तरी लढाई वेगळ्याच दिशेनं गेली असती.

चष्मेवाल्या पोरानं विचारलं, "मग इतके दिवस आत बसून करायचे काय?" हा प्रश्न मला फलकावरच हवा होता, म्हणून तोच मथळा केला. पंच्याहत्तर माणसं, डिझेलचा वास, अंघोळीला पाणी नाही. रात्री पाण्याच्या जरा खाली राहून स्नॉर्कलची नळी वर काढायची, डिझेल चालवून बॅटऱ्या भरायच्या. दिवसा खाली जाऊन त्या बॅटरीवर हळूहळू सरकायचं आणि कान लावून ऐकत राहायचं. पुढं सहा टॉर्पेडो नळ्या, मागं चार, सगळ्या भरलेल्या, आणि एकही सुटत नाही. सरांना हे फलकासाठी फिकं वाटतंय. मला नाही वाटत.

८ ऑक्टोबर

बुडवायचं काम सुरू. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, त्यामुळं सलाईनच्या रिकाम्या पिशव्या मुबलक. (न वापरलेलीच घ्या, मुदत संपलेली मेडिकलवाला देतो.) कल्पना अशी: सिलिंडरमध्ये ५०० मिलीची पिशवी, बाहेरून पाणी ओढून तिच्यात भरायचं, की पाणबुडी जड होऊन खाली. उलटा पंप चालवला की वर.

पाचशेच का, तर खऱ्या आकड्यावरून. कुर्सुराचं वजन पाण्यावर १,९५२ टन, पाण्याखाली २,४७५ टन. फरक ५२३ टन. एकास शंभर म्हणजे वजनाला दहा लाखानं भागायचं, म्हणून ५२३ ग्रॅम. हिशेब कागदावर इतका चोख बसला की आम्ही दोन दिवस खूश होतो.

१२ ऑक्टोबर

पंप अडतो. पिशवी तिसऱ्या हिश्श्यापर्यंत भरते आणि पंप नुसता घरघरतो. कारण सिलिंडर बंद आहे. आत पाणी आलं तर आतली हवा जाणार कुठं? ती दाबली जाते. आमच्या सिलिंडरमध्ये सामान सोडून जेमतेम आठ-नऊशे मिली हवा. त्यातले पाचशे पाण्यानं घ्यायचे म्हणजे दाब दुपटीच्या वर. छोट्या पंपाचं ते काम नाही, आणि इतक्या कष्टानं बसवलेला गुडदाही बाहेर फेकला गेला असता.

खऱ्या पाणबुडीत हा घोळ नाही, कारण ते पाणी माणसं राहतात त्या आतल्या मजबूत नळीत शिरतच नाही. तिला दोन कवचं. आतलं जाड, दाब सोसणारं. बाहेरचं पातळ, आकारापुरतं. बॅलास्टच्या टाक्या, म्हणजे बुडण्यासाठी पाणी घ्यायच्या, दोहोंच्या मध्ये. वरच्या झडपा उघडल्या की टाक्यांतली हवा निघून जाते आणि खालून समुद्र आत येतो. वर यायचं तर दाबलेली हवा सोडून पाणी हुसकायचं. आम्ही मात्र बाहेरच्याच आकाराला दाब सोसायला लावलं होतं.

१४ ऑक्टोबर

सिलिंडर भंगारात. लेथचं काम धरून सहाशेच्या वर गेले. नवा बेत: आत ६३ मिलिमीटरचा पाइप, लांबी ६० सेंटिमीटर, तोच दाबाचा सिलिंडर. त्यावर ७५ मिलिमीटरचा पातळ, चार किलोचा पाइप नुसता कवच म्हणून, खालून वरून भोकं पाडलेला. कवचात पाणी आपोआप येतं-जातं, त्याला पंप लागत नाही.

फायदा कुठं ते बघा. एकास शंभरला पाणबुडी सहा सेंटिमीटर पाण्यात बसते. जुना ७५ चा सिलिंडर पाण्याच्या वर दीड सेंटिमीटर डोकावत होता, तेवढा बुडवायला पावणेतीनशे मिली पाणी लागलं असतं. ६३ चा सिलिंडर तळाशी बसवला की वर जेमतेम अर्धा सेंटिमीटर राहतो, काम शंभर मिलीच्या आत. म्हणून मोठी पिशवी काढून १०० मिलीच्या दोन लावल्या, एक मध्याच्या पुढं, एक मागं. एकच लांब पिशवी असती तर पाणी एका टोकाला पळालं असतं आणि पाणबुडीनं नाक खुपसलं असतं.

पंप पेरिस्टाल्टिक घ्या, रबरी नळी दाबत दाबत पाणी पुढं ढकलणारा, मत्स्यालयात खत सोडायला वापरतात तो. ऑनलाइन साडेसहाशेला पडला. हळू आहे, पण बंद केला की नळी दाबलेलीच राहते, वेगळा व्हॉल्व्ह लागत नाही.

२० ऑक्टोबर

नाक आणि शेपटी. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या एका ओळखीच्या कारागिरानं तुनाच्या लाकडाचे उरलेले तुकडे दिले आणि वर स्वतःच तासूनही दिले. पुठ्ठ्याचे साचे एकेक करून लावायचा, उजेडाकडं धरून फट बघायचा आणि रंध्याऐवजी काचेच्या तुकड्यानं खरवडायचा. त्याला आकडे नको होते. फोटोवर एकदा नजर टाकली आणि म्हणाला, "हिचं नाक वरनं फुगीर हाय, तुम्ही चपटं काढलंय." बरोबर होतं, सोनार यंत्राचा (पाण्यात आवाजावरून शोध घेणाऱ्या) फुगवटा आमच्या साच्यात आलाच नव्हता.

लाकूड तसंच बसवणार होतो. हौदात घातल्यावर नाक वर, शेपटी वर, मध्ये खोलगट. लाकूड तरंगतं, आणि त्याच्यासाठी वेगळं शिसं घालायचं म्हणजे वजनाचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून. शिवाय लाखेचं पॉलिश पाण्यात एका रात्रीत पांढरं पडलं. शेवटी लाकडाचा पॅटर्न केला, त्यावरून फायबर आणि रेझिनचं पोकळ नाक काढलं, खाली भोकं. रेझिन, मॅट, हार्डनर मिळून ५२० रुपये. हातमोजे घालूनच करा, आणि पोरांना हार्डनरला हात लावू देऊ नका.

२ नोव्हेंबर

दिवाळी. पोरं मामाच्या गावाला. मी एकट्यानं शिसं बसवलं, टायरवाल्याकडची जुनी बॅलन्सिंगची वजनं, किलोभर, सगळी तळाशी. तळाला वजन नसेल तर बुडताना पाणबुडी कुशीवर वळते.

एका पोरानं पाठवलेल्या नकाशात कवचाला दोन दारं काढलीत. ती कापायची नाहीत! बीचवरच्या कुर्सुराला दारं आहेत ती प्रेक्षकांना आत-बाहेर करता यावं म्हणून नंतर कापलेली. युद्धातल्या पाणबुडीला कुशीत दार कसलं?

१० नोव्हेंबर

पहिली खरी बुडी, तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदाराच्या शेततळ्यात. शेततळ्याचा प्लॅस्टिक कागद शेवाळानं इतका निसरडा असतो की पोहणारा माणूसही वर येऊ शकत नाही. पोरांना कुंपणाच्या आत घेतलं नाही. आम्ही दोघं मोठे, कमरेला दोर, काठावर तिसरा माणूस. इथं हयगय नको.

पाणबुडी बुडाली, सुंदर बुडाली, आणि वर आली नाही. रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा. हवेत अर्धा किलोमीटर चालतो, पाण्यात वीतभर खाली गेलं की मेला. विहिरीत बादली पडली तर गळ टाकून काढता येते, इथं गळ टाकला तर कागद फाटणार आणि शेततळं रिकामं होणार. समोरासमोरच्या काठांवरून दोर ओढत नेला, तो पंख्यात अडकला, मग वर आली. संध्याकाळ झाली होती.

१३ नोव्हेंबर

दोन दुरुस्त्या. एक, रिसिव्हरचा अँटेना बारीक कोॲक्स केबलनं बाहेर काढून बुचाच्या तुकड्यावर बांधला. बूच वर तरंगतं, पाणबुडी दोन मीटर खाली. दोन, रिसिव्हरचं फेलसेफ: सिग्नल तुटला की पंप आपोआप उलटा फिरून पिशव्या रिकाम्या करतो. ही सेटिंग रिमोटमध्ये असतेच, आम्ही बघितली नव्हती.

पोरांना बूच आवडलं नाही, "खऱ्या पाणबुडीला असतंय व्हय?" खऱ्या पाणबुडीलाही खोल पाण्यात नेहमीचा रेडिओ लागत नाही, हुकूम घ्यायला तिला वर येऊन मास्ट बाहेर काढावा लागतो. हे वाक्य फलकावर गेलं, गस्तीच्या मजकुराखाली.

२४ नोव्हेंबर

रंग काळा, मनोऱ्यावर पांढऱ्यात कुर्सुराचा नंबर, एस २०. रंगाआधी कवच पॉलिशपेपरनं घासा, पीव्हीसीवर रंग धरत नाही. आमचा एकदा सोलून निघाला.

फलक पूर्ण. सरांनी अखेर गाझीचा हट्ट सोडला, पण "शेवट तरी जोरात करा" म्हणाले. शेवट असा लिहिलाय: १८ डिसेंबर १९६९ ला रीगा बंदरात नौदलात दाखल. सुएझ कालवा बंद होता, म्हणून आफ्रिकेला वळसा घालून मायदेशी. १९७१ ची गस्त. पुढं काही वर्षं नुसती उभी, तिचे सुटे भाग काढून बहिणींना लावले. सप्टेंबर १९८० ते एप्रिल १९८२ सोव्हिएत संघात पूर्ण दुरुस्ती आणि पुन्हा समुद्रात. २७ फेब्रुवारी २००१ ला निवृत्त, तोवर ७३,५०० सागरी मैल. मग वाळूवर चढवली. शेवटचं सहाशे मीटरचं अंतर ओढून न्यायला दीड वर्ष आणि साडेपाच कोटी रुपये लागले. ऑगस्ट २००२ पासून लोकांना खुली.

सुट्या भागांची ओळ सर काढा म्हणत होते, कमीपणा वाटतो म्हणून. मी ठेवायला लावली. माझ्या दुकानात अशा दोन मोटारी कायम पडलेल्या असतात, त्यांच्या जिवावर बाकीच्या चालतात.

९ डिसेंबर

प्रदर्शन झालं. शाळेच्या पटांगणात ताडपत्रीचा हौद केला होता, चार फूट खोल. बुडायला दीड मिनिट लागतं, लहान पोरं कंटाळतात, मोठी माणसं मात्र बघत उभी राहतात. दुसऱ्या दिवशी बॅटरी उतरली आणि फेलसेफला पंप चालवण्याइतकाही करंट उरला नाही. आता रोज सकाळी व्होल्टेज बघून वहीत लिहायचं काम चष्मेवाल्याकडं आहे.

सगळा खर्च, बाद झालेलं धरून, साडेसात हजारांच्या आसपास. सरळ दुसऱ्या बेतानं केलं असतं तर पाचात बसलं असतं. मोटारीचं बेअरिंग गंजून आवाज करायला लागलंय, सीलबंद बेअरिंग मागवलंय. पाणबुडी कोरडी करून, गुडदा उघडा ठेवूनच कपाटात ठेवायची, नाहीतर आतल्या दमटपणानं रिसिव्हर जाईल. बाजूचे दोन पंखे फिरते करायचेत, पण ते उन्हाळ्याची मोटारींची गर्दी ओसरल्यावर.

६३ च्या सिलिंडरचे आणि नाकाच्या साच्यांचे पुठ्ठे शाळेत ठेवलेत. ज्यांना हवे त्यांनी येऊन उतरवून घ्यावेत.